परळचा पांडुरोग आणि ल्युकेमियाचे औषध

ल्युकेमियावरील औषधांचा इतिहास सांगणारे लोक बहुधा बोस्टनपासून आरंभ करतात. आमच्या मते तो परळपासून, आणि तोही वीस वर्षे आधीपासून, सांगावयास हवा.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. बाळंतपणात स्त्रिया का दगावतात याची चौकशी त्या काळी चालू होती. तीतील पांडुरोगाचे काम त्यांच्याकडे आले आणि हाफकिन संस्थेत त्यांनी आपले ठाण मांडले. परळच्या जुन्या गव्हर्नर-बंगल्यातली ही संस्था, आणि भोवताली गिरण्यांची धुराडी. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना एक विचित्र पांडुरोग होई. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण उरलेल्या मात्र आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. जंतूंचा संशय घेतला, तो टिकला नाही. तेव्हा विल्सबाईंनी एस. एन. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेतले कोडे त्यांनी चुलीपाशी जाऊन तपासले, हे आम्हांस त्यांचे खरे मोठेपण वाटते.

पुढे माकडांवर प्रयोग झाले, आणि एका निकृष्टावस्थेतल्या माकडाला मार्माइट चारताच ते सुधारले. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा अर्क. स्वस्त आणि चवीला खारट. तोच रोगी बायांना दिला, आणि त्यांचे रक्त भरून आले. १९३१ साली हे जगापुढे मांडले गेले. ज्यांच्या रक्तावर हे ज्ञान उभे राहिले त्या बायांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात झाला तो १९२९ सालचा. कायदेमंडळात त्याची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते.

यीस्टमधले ते अज्ञात द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ साली पालकाच्या पानांतून काढताना त्याला हे नाव मिळाले. अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत, भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, १९४५ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार झाले.

आता येथे बोस्टन येते. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या बालरोग्यांना फॉलिक आम्लाचीच संयुगे देऊन पाहिली. रोग उलट बळावतो असे त्यांना वाटले. मग जे पेशींना पोसते त्याचीच वाट अडवली तर? पेशी दुभंगण्यापूर्वी नवा डीएनए घडवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे कार्बनचे अणू फॉलिक आम्ल वाहून आणते. परळच्या बायांच्या पेशी फुगत पण वेळेवर दुभंगत नसत, त्याचे कारण हेच. सुब्बारावांच्या रसायनज्ञांनी फॉलिक आम्लाच्या रेणूत किंचित फेरफार करून अमायनोप्टेरिन बनवले. खोटे नाणे यंत्रात अडकावे तसे ते पेशीच्या एका विकराला अडकवून ठेवी. फार्बर यांनी जून १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात १६ मुले होती, त्यांपैकी १० सुधारली. सुधारणा काही आठवडे-महिन्यांची, रोग परते. पण तोवर एवढेही कोणी पाहिले नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

विल्सबाई १९६४ साली वारल्या. त्याच वर्षी प्रागमध्ये अॅझासायटिडीन हे द्रव्य तयार झाले. त्याची गोष्ट आमच्या गोष्टीला एका आडवाटेने येऊन मिळते. फॉलिक आम्लाने आणलेला कार्बन डीएनएवर मिथिल खुणा उमटवण्यासही खर्ची पडतो, आणि अशा खुणांनी काही जनुके मुकी होतात. हे नवे द्रव्य त्या खुणा पुसते, असे १९८० साली जोन्स आणि टेलर यांनी दाखवले. जनुकाचा मजकूर तसाच ठेवून त्याची मूकता घालवणारी ही औषधे. २००४ साली अमेरिकेत त्याला ल्युकेमियाच्या उंबरठ्यावरील मज्जारोगासाठी मान्यता मिळाली.

अमायनोप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट मात्र आजही मुलांच्या ल्युकेमियावर वापरात आहे. हाफकिनच्या शेजारी, १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयातही. मोठ्या मात्रेत ते दिल्यावर निरोगी पेशी वाचाव्यात म्हणून काही तासांनी उतारा द्यावा लागतो. तो उतारा म्हणजे फॉलिक आम्लाचेच एक रूप.