घरगुती बिअर : पातेले किती मोठे हवे?

अमेरिकेत घरच्या घरी बिअर तयार करणे हा आता रुळलेला छंद आहे. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर बिअर स्वतःपुरती करमुक्त करता येऊ लागली. विक्रीला मात्र मुभा नाही. (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना मद्यनिर्मिती हाच गुन्हा आहे, हे इथल्या हौशींनी ध्यानात घ्यावे.)

या छंदातील पहिली मोठी खरेदी म्हणजे ‘केटल’. तिचा चहाच्या किटलीशी संबंध नाही. हे स्टीलचे वा अॅल्युमिनियमचे उभट पातेले. माल्टचा गोड अर्क, ज्याला ‘वॉर्ट’ म्हणतात, तो हॉप्ससह यात सुमारे तासभर उकळतात. नवखे लोक जेवढी बिअर तेवढेच पातेले घेतात आणि तिथेच फसगत होते.

तिथला प्रचलित घाणा ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा. पण तासाभराच्या उकळीत सुमारे ४ लिटर पाणी वाफ होऊन जाते, आणखी दोनेक लिटर तळाच्या गाळात व हॉप्समध्ये अडकते. म्हणजे सुरुवातीलाच २५ लिटर वॉर्ट हवे. शिवाय पहिली उकळी येताना प्रथिनांचा दाट फेस झपाट्याने वर चढतो. दूध उतू गेले तर ओटा पुसून भागते. उकळता, चिकट वॉर्ट अंगावर आला तर गंभीर भाजते. त्यामुळे ३० लिटर ही किमान मर्यादा, तर ३८ लिटरचे पातेले निर्धास्त. धान्य पिशवीत घालून त्याच पातेल्यात भिजवायचे असेल, तर ३८ लिटरच्या खाली जाऊच नये, कारण धान्यही जागा व्यापते.

तयार माल्ट-अर्क वापरणाऱ्यांना पळवाट आहे. निम्मेच पाणी उकळून उरलेले गार पाणी नंतर मिसळले, की १९ लिटरचे पातेलेही पुरते. मात्र दाट वॉर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो आणि बिअरचा रंग गडद होतो.

मग सरसकट मोठेच घ्यावे काय? तसेही नाही. वाफ होण्याचा वेग बव्हंशी पातेल्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरतो, आतल्या द्रवावर नव्हे. रुंद पातेल्यात ८ लिटरच उकळायला ठेवले तर त्यातील निम्मे उडून जाऊ शकते. छोटा घाणा करणाऱ्याने छोटेच पातेले घ्यावे.

शेवटचा प्रश्न शेगडीचा. स्वयंपाकघरातील साध्या बर्नरवर २५ लिटर वॉर्टला खळखळून उकळी येणे कठीण. त्यासाठी अनेक जण अंगणात प्रोपेन गॅसची मोठी शेगडी मांडतात. आणि २५ किलोहून जड, उकळते पातेले उचलण्याऐवजी तळाशी तोटी असलेलेच घेतलेले बरे.