मनसबदाराची चरबी

सन १६३१. बऱ्हाणपुरात शाहजहानची छावणी आहे. दख्खन आणि गुजरात दुष्काळाने होरपळलेत. तापीकाठच्या वाटेवर तुम्हाला दिसणाऱ्या माणसांच्या बरगड्या मोजता येतात. हकीमसाहेब तुम्हाला ज्या हवेलीत नेतात, तिथला मनसबदार मात्र चांगला गलेलठ्ठ. चार पायऱ्या चढलं की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, म्हणतो.

हकीम नाडी धरतात. हृदयाला बळ देणाऱ्या औषधांवर थोर वैद्य इब्न सिनाने सहाशे वर्षांपूर्वी ग्रंथच लिहून ठेवलाय. तरी ते आधी मनसबदाराच्या पोटाकडे बोट दाखवतात, “ही चरबी झडू द्या, हुजूर.” रक्त अंगभर फिरून हृदयात परत येतं, हे इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने छापून तीनच वर्षं झालीत. आणि तुमच्या तर ओठांवर आलंय की, याच चरबीत मूलपेशी असतात! सांगू नका. आधी पुढचं पाहून या.

२००१. लायपोसक्शनने काढलेल्या चरबीतून अमेरिकी संशोधकांनी अशा पेशी वेगळ्या केल्यात, ज्यांच्यापासून प्रयोगशाळेत हाड, कूर्चा, स्नायू घडवता येतात. काही वर्षांनी तुम्ही रॉटरडॅमच्या इस्पितळात उभे आहात. समोर नुकताच हार्ट अटॅक आलेला रुग्ण. त्याच्या पोटावरची चरबी नळीने ओढतात, विकराने विरघळवतात, यंत्रात गरगर फिरवून पेशी निराळ्या करतात आणि कॅथेटरने हृदयाच्या धमनीत सोडतात. या पेशी हृदयाचा नवा स्नायू होतील, ही पहिली आशा हळूहळू मावळते. त्या सूज उतरवणारी, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी द्रव्यं सोडतात, असं आता मानतात. रॉटरडॅमच्या या चाचणीत रुग्ण अवघे १४. उपचार निर्धोक वाटतो, आशा वाढते.

२०२३. कोपनहेगनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचा निकाल तुमच्या हातात. हृदय कमजोर झालेले १३३ रुग्ण, दात्यांच्या चरबीतल्या पेशी. अपाय दिसला नाही. पण हृदयाचं काम प्लासिबो, म्हणजे नकली औषध, घेतलेल्यांपेक्षा सुधारलंही नाही. वजन उतरवण्याचा हकिमांचा सल्ला आजही चिठ्ठीवर असतो. पेशी अजून चाचणीतच आहेत.

आता आजच्या बऱ्हाणपुरात या. पोटातली चरबी काढून हृदय बरं करतो, असं म्हणत कुणी तुम्हाला पॅकेजचा दर सांगितला, तर देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला (सीटीआरआय) त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयरोगासाठी मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. क्रमांक नसेल, तर तो उपचार नव्हे, धंदा आहे.