पोवळ्यांचे पाणी आणि निळा रंग

संकेश्वरच्या परिसरातील ऊस पिकविणाऱ्याला फॉस्फेट हा शब्द नवा नाही. लागणीच्या वेळी सरीत सुपर फॉस्फेट पडले की मुळे जोमाने धरतात, हे त्याला कोणी शिकवावयास नको. आपल्याकडे या द्रव्यास स्फुरद म्हणतात. आज मात्र त्याच स्फुरदाची दुसरी बाजू सांगावयाची आहे. काचेच्या टाकीत जिवंत पोवळी वाढविणारी जी मत्स्यालये असतात, तेथे स्फुरद फाजील झाले की टाकीत शेवाळ माजते आणि पोवळ्याचा चुनखडी सांगाडा नीट घडत नाही. फाजील म्हणजे किती? प्रवाळखडकांवरील स्वच्छ समुद्रात लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी फॉस्फेट असते. एवढी अल्प मात्रा माणूस मोजू कसा लागला, हीच आजची हकीकत.

फॉस्फरस हाती आला तो सोन्याच्या हव्यासापायी. १६६९ मध्ये हँबुर्गच्या हेनिग ब्रांट या किमयागाराने मूत्र आटवून आटवून एक अंधारात चमकणारा पदार्थ मिळविला. सोने काही निघाले नाही! पुढे १८४२ मध्ये जॉन बेनेट लॉज या इंग्रज जमीनदाराने गंधकाम्लाच्या साहाय्याने सुपर फॉस्फेट बनविण्याचे पेटंट घेतले, आणि शेतीचे रूप पालटले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. वनस्पती आणि जलचर एकत्र ठेवले की पाण्याचा तोल आपोआप राहतो, अशी तेव्हाच्या जाणत्यांची समजूत होती. प्राणवायूपुरती ती बरीचशी खरीही होती. स्फुरदाचा हिशेब मात्र कोणाच्या ध्यानी आला नाही. पाण्यातील नत्र सूक्ष्म जंतूंच्या हातून वायू होऊन उडून जाऊ शकते; स्फुरदाला तशी वाट नाही. माशांच्या खाद्यातून जे टाकीत उतरले, ते कोणी बाहेर काढीपर्यंत तेथेच राहते.

ते दिसावे कसे? मॉलिब्डेनम या धातूच्या क्षाराशी आम्लात फॉस्फेटचा संयोग झाला आणि त्यावर क्षपण करणारे द्रव्य घातले, की गर्द निळा रंग उमटतो. बोर्दोचे देनिजे यांनी १९२० मध्ये या रंगावरून सूक्ष्म मोजणीची रीत बसविली, आणि १९२३ मध्ये प्लिमथ येथे अ‍ॅटकिन्स यांनी ती समुद्राच्या पाण्यास लावली. वसंतात सूक्ष्म वनस्पती फोफावल्या की इंग्लिश खाडीतील फॉस्फेट उतरते आणि हिवाळ्यात पुन्हा चढते, हे त्यांना नळीतील रंगावरून दिसले. त्या रंगाला स्थैर्य मात्र नव्हते. ती उणीव १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या मर्फी आणि रायली यांनी दूर केली. क्षपणासाठी त्यांनी क जीवनसत्त्व घेतले, जोडीला अँटिमनीचा क्षार दिला आणि सारे एकाच मिश्रणात आणले. दहा मिनिटांच्या आत रंग पक्का होतो. समुद्रशास्त्राच्या प्रयोगशाळांतील आणि हौशी माणसाच्या घरातील तपासणीचा पाया तोच आहे.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ मध्ये. मासे पाहण्यास लोक लोटले. पण पोवळी टाकीत वर्षानुवर्षे जगविणे ही त्या काळी जगातच दुर्मिळ गोष्ट होती. तिचे एक कारण पुढे उलगडत गेले. फॉस्फेट चुनखडीच्या स्फटिकांची वाढ अडविते, हे सिम्किस यांनी १९६४ मध्ये मांडले. १९७९ मध्ये किन्सी आणि डेव्हिस यांनी ऑस्ट्रेलियातील वन ट्री बेटाच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तेथे खऱ्याखुऱ्या प्रवाळखडकालाच नत्र आणि स्फुरदाचे खत देण्यात आले होते! चुना बांधण्याचे काम निम्म्याहून अधिक मंदावले.

मग उपायांची रीघ लागली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत १९८० मध्ये वॉल्टर एडी यांनी जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून ते खरडून काढण्याची युक्ती योजली. शेवाळासोबत स्फुरदही बाहेर. पिण्याच्या पाण्यातील सोमल काढण्यासाठी जर्मनीत तयार झालेले लोहाचे दाणे मत्स्यालयवाल्यांनी फॉस्फेट शोषण्यास वापरले. काहींनी तर स्फुरद शून्यावर आणण्याचा हट्ट धरला. तो अंगाशी आला. फॉस्फेटविना उपाशी राहिलेली पोवळी ऊन आणि उष्णता सोसू शकत नाहीत, पांढरी पडतात, असे साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले. म्हणून लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा हौशी मंडळी आता सामान्यतः पाळतात. खाद्य बेताचे द्यावे, पाणी थोडे थोडे बदलावे, आणि लोहाचे दाणे घालावयाचेच तर अल्प प्रमाणात, ही त्यातली शहाणी रीत. समुद्र घाटाखाली राहिलेल्या संकेश्वरसारख्या गावी खारे पाणी घरीच करावे लागते. तेव्हा नळाचे पाणी आधी गाळणयंत्रातून शुद्ध केलेले बरे.

तपासणीत फसगतीही आहेत. नळी साबणाच्या पुडीने धुतली, तर पुडीतले फॉस्फेटच मोजले जाण्याचा संभव. काही उपकरणे फॉस्फेट सांगतात, काही नुसता फॉस्फरस. दुसऱ्याची सुमारे तीनपट केल्यावर पहिला आकडा येतो. खताच्या पोत्यावरही असाच घोळ असतो: १०:२६:२६ मधील पहिला २६ हा शुद्ध फॉस्फरसचा नव्हे, त्याच्या ऑक्साइडचा. आणि सर्वांत मोठी फसगत ही, की टाकी शेवाळाने हिरवीगार असता नळीत रंग फिकट उमटतो. स्फुरद गेलेले नसते. ते शेवाळाच्या पोटात असते.

पोवळी आणावयाची कोठून, असा प्रश्न कोणी विचारील. मालवणच्या समुद्रात ती आहेत, परंतु तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि २००१ पासून भारतीय प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. तिकडे हात लावणे नाही.

हीच नळी नदीच्या पाण्यालाही चालते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी संकेश्वरवरून पुढे घटप्रभेस आणि घटप्रभा कृष्णेस मिळते. एखाद्या शाळेच्या विज्ञानशिक्षकांनी एक बाटली उगमाजवळची, एक गावाच्या वरची आणि एक उसाच्या मळ्यांखालची अशी भरून तिन्ही नळ्या उजेडात शेजारी शेजारी धराव्यात. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात, शेतातील माती नदीत उतरत असताना, पाणी गाळून घेऊन ही तपासणी केली, तर निळ्या रंगातील फरक मुलांच्या साध्या डोळ्यांनाही दिसण्याचा संभव अधिक.