पिकल्या साळीवर बर्फ

दख्खनच्या पठारावरील शेतकरी थंडीकडे आशेने पाहतो. दिवाळी उलटली, पहाटे दव पडू लागले की हरभऱ्याला, गव्हाला आणि शाळूला ते मानवते. थंडी पडलीच नाही किंवा ढगाळ हवेने ती मोडली, तरच त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्या इतिहासात दुष्काळ म्हणजे न पडलेला पाऊस. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १९७२ च्या दुष्काळापर्यंत आपल्या लोकांच्या आठवणीत तेच एक चित्र आहे. त्यामुळे ‘यंदा हिवाळा लवकर आला’ एवढी वार्ता एखाद्या प्रांतात हजारो माणसांच्या मरणाची वार्ता ठरू शकते, ही गोष्ट नोकरीनिमित्त उत्तरेत वर्षानुवर्षे राहिलेल्या मराठी माणसाच्याही सहसा ध्यानात येत नाही. आपल्याला तेथील थंडी माहीत असते ती रजईपुरती.

काश्मीरच्या खोऱ्याचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. वॉल्टर लॉरेन्स याने १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ या ग्रंथात, तेथील लोकांच्या स्मरणात एकोणीस मोठे दुष्काळ असल्याचे नोंदले आहे. त्यांचे कारण म्हणून पावसाच्या अभावाकडे कोणी बोट दाखवीत नाही. शरदातील पीक पिकत असताना अवेळी पडलेला बर्फ अथवा पाऊस, हेच कारण सर्वांनी सांगितले.

याचा उलगडा भूगोलात आहे. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फूट उंच. अशा ठिकाणी मुख्य अन्न तांदूळ असावे हेच मुळात धाडस आहे. परंतु खोऱ्यात पाणी विपुल, उन्हाळा उबदार, म्हणून साळ पिकते. वैशाखात बी पडते, ज्येष्ठात लावणी होते आणि भाद्रपदाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंत कापणी चालते. खरा हिवाळा, ज्याला तेथे चिल्ला-इ-कलान म्हणतात तो चाळीस दिवसांचा कडाका, २१ डिसेंबरला सुरू होतो. म्हणजे नेहमीच्या वर्षी पीक घरात येणे आणि खोरे गोठणे यांच्यामध्ये दोनएक महिन्यांची सवड असते. तेवढ्यात धान्य झोडायचे, दुधी आणि वांगी चिरून उन्हात वाळवायची, गुरांसाठी वाळुंजाच्या डहाळ्या तोडून ठेवायच्या, कांगडीसाठी कोळसा करून ठेवायचा. ही सवड नाहीशी झाली की सारे गणित चुकते. फुलोऱ्यातील साळीला थंडी बाधली तर लोंब्या पोचट राहतात. पिकलेल्या साळीवर बर्फ पडला तर ताटे आडवी होतात, दाणा भिजतो, मोड येतात किंवा तो कुजतो. त्याच सुमारास पीरपंजालचे घाट बंद झाले तर बाहेरून धान्याचा दाणाही आत येऊ शकत नाही. बारामुल्याच्या बाजूने गाडीरस्ता झाला तो १८९० च्या सुमारास; तोवर माल यायचा तो हमालांच्या आणि तट्टांच्या पाठीवरून.

अशा आपत्तीचे सर्वांत जुने वर्णन कल्हणाने दिले आहे. ‘राजतरंगिणी’ त्याने ११४८ ते ११५० या काळात रचली. दुसऱ्या तरंगात तुंजीन राजाची कथा येते. या आरंभीच्या तरंगांतील कालगणना इतिहासकार प्रमाण मानीत नाहीत आणि कथेत दैवी चमत्कारही आहे. तरी तिच्यातील हवामान खरे आहे. भाद्रपदाचा महिना, शेतोशेती शरदातील साळ पिकत आलेली आणि अकस्मात बर्फ कोसळतो. पीक बर्फाखाली गडप होते, प्रजेची अन्नान्न दशा होते. राजा आपले आणि मंत्र्यांचे द्रव्य खर्चून धान्य विकत घेतो. शेवटी काहीच उरत नाही, तेव्हा तो राणी वाक्पुष्टेजवळ देहत्यागाची गोष्ट बोलतो. राणी त्याचा निषेध करते. मग घरोघरी रोज मेलेली कबुतरे आकाशातून पडू लागतात आणि लोक तगतात. कल्हणाची गंमत अशी की, ती कबुतरे खरी नसावीत असेही तो लगेच सांगून टाकतो. इतक्या दयाळू राणीच्या हातून जीवहत्या कशी होईल, हा त्याचा युक्तिवाद! मला मात्र या कथेत चमत्काराइतकेच दुसरे काही महत्त्वाचे वाटते. राजा तिजोरी रिकामी करतो, हे कल्हणाला राजधर्म म्हणून सांगावेसे वाटले. कारण उलट उदाहरणही त्याच्यापुढे होते. पार्थाच्या कारकिर्दीत, ९१७-१८ साली, पुराने शरदातील साळ गेली, वितस्तेचे पात्र प्रेतांनी भरले, आणि त्या वेळी मंत्र्यांनी साठविलेला तांदूळ चढ्या भावाने विकून आपली घरे भरली. राजसेवेतील लेखनिकांवर, तेथल्या ‘कायस्थां’वर, तर कल्हणाचा राग इतका की, आमच्यासारख्या कारकुनी पेशातल्या माणसाला ती पाने वाचताना खुर्चीत अवघडल्यासारखे होते.

पुढे अली शाह चक याच्या अमदानीत, १५७६ च्या सुमारास, पुन्हा अवेळी बर्फाने पीक बुडाले. त्यानंतरचा ठळक प्रसंग शीख राजवटीतला. महाराजा रणजितसिंगाचा पुत्र शेरसिंग १८३१ मध्ये काश्मीरचा सुभेदार झाला, आणि त्याच सुमारास ऑक्टोबरातच बर्फ पडून तयार पीक गेले. खोऱ्याची लोकसंख्या आठ लाखांवरून दोन लाखांवर आली, असा अंदाज लॉरेन्सने दिला आहे. हा आकडा खानेसुमारीचा नव्हे, लोकांच्या तोंडचा; पण आपत्तीचे माप त्यावरून कळते. अशा वेळी लाहोरहून सारावसुलीत मदत करण्यासाठी जमादार खुशालसिंग आला. त्याने वसूल केला, आणि भुकेने हैराण झालेले लोक डोंगर ओलांडून अमृतसर-लाहोरच्या वाटेला लागले. त्यांची दशा पाहून रणजितसिंगाने आपली कोठारे उघडली असे सांगतात. खुशालसिंगावर त्याची गैरमर्जीही झाली. मग १८३४ मध्ये कर्नल मियानसिंग सुभेदार होऊन आला. त्याने पंजाबातून धान्य आणले, आणि कोंबड्याही उरल्या नव्हत्या म्हणून अंडीसुद्धा आणविली. एखाद्या प्रांताला कोंबड्यांचे बियाणेही बाहेरून आणावे लागावे, यापेक्षा दुष्काळाचे अधिक बोलके वर्णन कोणते करावे?

या साऱ्यात शेतकरी काय करीत होता? तो हात जोडून बसला नव्हता. साळ फसते आहे असे दिसले तर ‘त्रुंबा’ पेरण्याची तेथे जुनी रीत आहे. हे कुट्टूच्या जातीचे धान्य असून ते थोड्या दिवसांत पदरात पडते. वुलर सरोवरातील शिंगाडे वाळवून, दळून त्यांच्या पिठावर हिवाळा काढणारी गावे होती. कमळाचे देठ, वाळवलेला भाजीपाला, अक्रोड हीही त्याची शिबंदी होती. पण खरा उपाय एकच, आणि तो प्रत्येक खेडुताला ठाऊक होता. डोंगरमाथ्यावरील ढगांचा रंग पाहायचा, आणि दाणा थोडा हिरवा असला तरी विळा घालायचा. चार आणे नुकसान सोसून बारा आणे वाचवायचे.

१८७७ च्या दुष्काळाची शोकांतिका येथेच आहे. महाराजा रणबीरसिंगाच्या कारकिर्दीत सारा धान्याच्या रूपाने घेत आणि त्याची आकारणी दरवर्षी उभ्या पिकावरून करीत. निम्म्याहून अधिक वाटा सरकारचा. शेतकऱ्याने तो चोरू नये म्हणून पिकावर नजर ठेवण्यासाठी शकदार, मापासाठी तराजूदार, टिपणासाठी पटवारी, बातमीसाठी हरकारा असा सगळा लवाजमा असे. अंदाज झाल्याखेरीज कापणीला परवानगी नाही. त्या वर्षी शरदात पाऊस सुरू झाला आणि थांबेना. साळ पिकून उभी होती. लोकांना त्याच वेळी कापू दिले असते तर बरेचसे धान्य वाचले असते, असे लॉरेन्सने स्पष्ट म्हटले आहे. परंतु आकारणी व्हायची होती. ती होईपर्यंत पीक शेतात भिजत राहिले आणि नासले.

मला हा प्रसंग बर्फाच्या इतर सर्व कथांहून भयंकर वाटतो. यात कोणी राक्षस नाही. पटवारी आपले काम करीत होता, शकदार आपले. वरून हुकूम नव्हता, म्हणून खालच्याने होकार दिला नाही. उभ्या शेताच्या बांधावर विळा घेऊन माणूस थांबलेला आहे, समोर पीक कुजते आहे, आणि ते पीक कापण्याचा अधिकार कागदावरील एका शेऱ्यात अडकला आहे. ज्यांनी सरकारी टेबलावर कागद थांबलेले पाहिले आहेत, त्यांना या चित्राची फोड करून सांगायला नको.

दुष्काळ १८७९ च्या शरदापर्यंत चालला. खोऱ्याबाहेर जायला राहदारीचा परवाना लागे आणि घाटांवर पहारे होते. त्यामुळे १८३१ साली निदान पळून जाता आले, तेही आता आरंभी दुरापास्त झाले. जमलेले सरकारी धान्य श्रीनगरात ठरावीक स्वस्त दराने विकले जाई, त्याचा लाभ शहराला आणि त्यातही वशिल्याच्या लोकांना मिळे. ज्याने साळ पिकवली तो उपाशी. तरीही शहर वाचले नाही. लॉरेन्सने उद्धृत केलेल्या एका अधिकाऱ्याच्या मते श्रीनगरची वस्ती १,२७,४०० वरून ६०,००० वर आली. शालीच्या विणकरांचा वर्ग तर जवळजवळ नामशेष झाला.

या आपत्तीनंतर जमाबंदीच्या सुधारणेला तोंड फुटायला आणखी काही वर्षे गेली. १८८७ मध्ये अँड्र्यू विंगेट याने काम सुरू केले (आपल्या इंदापूरच्या जमाबंदीचे जॉर्ज विंगेट ते निराळे) आणि १८८९ पासून लॉरेन्सने ते पूर्णत्वास नेले. शेतकऱ्याचा सारा काही वर्षांसाठी ठरला, तो किती हे त्याला आधी कळू लागले. या सुधारणेच्या गुणदोषांवर पुष्कळ लिहिता येईल. आपल्या विषयापुरती तिची एक गोष्ट मोठी आहे : आकारणी उभ्या पिकावरून उठली, आणि विळा केव्हा घालायचा हे ठरविणे शेतकऱ्याच्या हाती आले.

अवेळी बर्फ मात्र थांबलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साळीची कितीतरी शेते सफरचंदाच्या बागा झाली. सफरचंदाच्या झाडाला नोव्हेंबरच्या आरंभी अजून पाने असतात. अशा वेळी पडलेला ओला बर्फ पानांवर साचतो, आणि फांद्याच काय, खोडेही उभी चिरतात. ३ नोव्हेंबर २०१८, ७ नोव्हेंबर २०१९ आणि २३ ऑक्टोबर २०२१ या दिवशी नेमके हेच झाले. शोपियान-कुलगामकडील बागांची फार हानी झाली. साळीचे नुकसान एका वर्षाचे असते. जुन्या जातीचे झाड फळाला यायलाच आठ-दहा वर्षे लागतात. आणि येथेही घाट आडवा आहेच. काझीगुंडजवळ फळांच्या मालमोटारींची रांग लागली की आतले फळ नासू लागते. २०२५ च्या पावसाळ्यात दरडी कोसळून जम्मूचा रस्ता बंद पडला तेव्हा तसेच झाले. त्या सप्टेंबरात बडगामहून दिल्लीला फळे नेणारी रेल्वेगाडी सुरू झाली.

बर्फाच्या रात्री बागाईतदार लांब काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि एकेक फांदी हलवून बर्फ झाडतात. फाटलेल्या फांद्यांना बेचक्याचे टेकू देऊन त्या तारेने आवळतात. त्यांतल्या काही सांधतात. घरातील बायका-मुलेही हाताशी असतात, कारण पहाटेपर्यंत सारी बाग फिरून व्हायची असते, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचावे तोवर पहिल्या ओळीवर पुन्हा बर्फ साचलेला असतो.