ऑगस्टा गावचा सह्यांचा स्तंभ

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण सामाजिक कराराबद्दल बोललो. हॉब्ज, लॉक, रूसो. शेवटी एका तरुण श्रोत्याने विचारलं, ‘सर, हा करार प्रत्यक्षात कुणी कधी सही करून केलाय का?’ मी घाईत म्हणालो, अहो, ती कल्पना आहे, दस्तऐवज नव्हे. घरी गेल्यावर मला ते उत्तर बरोबर वाटेना. म्हणून आज एका दगडापासून सुरुवात करतो.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सवाना नदीकाठी ऑगस्टा नावाचं गाव आहे. गोल्फ बघणाऱ्यांना नाव माहीत असेल. मला गोल्फमधलं काही कळत नाही. माझा मुलगा अटलांटाला असतो, तिथून गाडीने दोन-अडीच तास लागतात, म्हणून गेलो. ग्रीन स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या मधोमध ग्रॅनाइटचा चौकोनी, वर निमुळता होत गेलेला स्तंभ आहे. उंची साधारण 50 फूट. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर एकूण 56 सह्या आहेत. त्यातले जॉर्जियाचे तिघे म्हणजे बटन ग्विनेट, लायमन हॉल आणि जॉर्ज वॉल्टन. त्यांच्या स्मरणार्थ 1848 साली हा स्तंभ उभा राहिला, त्या वेळी ऑगस्टा म्हणजे कापसाच्या व्यापारावर जगणारं लहानसं गाव.

ऑगस्टा हे नाव कुणाचं, माहीत आहे? राजा तिसरा जॉर्ज याच्या आईचं. नाव ठेवलं तेव्हा हा जॉर्ज जन्मलाही नव्हता. पुढे जाहीरनाम्यात तक्रारींची लांबच लांब यादी आली ती ह्याच राजाविरुद्ध, आणि सह्या करणाऱ्यांचं स्मारक झालं त्याच्या मातोश्रींच्या नावाच्या गावात.

स्मारक उभारताना तिघांचे अवशेष तिथे आणून पुरायचे असं ठरलं. हॉल हा मूळचा उत्तरेकडच्या कनेक्टिकटचा. आधी धर्मोपदेशक, मग डॉक्टर, मग मळेवाला. त्याची हाडं त्याच्या मळ्यावरून आणली. कबरीवरची शिळा मात्र पुढे त्याच्या जन्मगावी, वॉलिंगफर्डला गेली. म्हणजे माणूस एकीकडे, नाव दुसरीकडे. वॉल्टन पोरका, सुतारकामाची उमेदवारी केलेला, पुढे राज्याचा गव्हर्नर. तोही सापडला. ग्विनेट सापडला नाही. सही केल्यावर वर्षभराच्या आतच, मे 1777 मध्ये, राजकीय प्रतिस्पर्धी लॅकलन मॅकिंटॉश याच्याशी पिस्तुलांचं द्वंद्व झालं. जखम चिघळून तीन दिवसांत गेला. त्यामुळे स्तंभावर नावं तीन आणि खाली माणसं दोन. ह्या ग्विनेटच्या हातच्या सह्या जगात जेमतेम पन्नासएक उरल्यात. 2010 साली न्यूयॉर्कच्या लिलावात एक सही 7,22,500 डॉलरला गेली. सहीला केवढी किंमत येते बघा!

आता खरा मुद्दा. सही कशावर झाली ते स्तंभ सांगतो. सही होण्यासाठी काय खोडलं, ते तो सांगत नाही.

जेफर्सनच्या मसुद्यात एक परिच्छेद होता. राजाने आफ्रिकेतल्या निरपराध माणसांना गुलाम करण्याचा व्यापार चालू ठेवला, तो रोखण्याचे प्रयत्न हाणून पाडले, असा आरोप त्यात होता. लिहिणारा जेफर्सन स्वतः शेकडो गुलामांचा मालक, हे विसरू नका. तरी परिच्छेद होता. काँग्रेसने तो काढला. जेफर्सन पुढे आत्मवृत्तात कारण लिहून ठेवतो: साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांची मर्जी राखण्यासाठी. वर हेही सांगतो, की उत्तरेकडच्या लोकांनाही तो मजकूर जरा बोचत होता, कारण स्वतःकडे गुलाम थोडे असले तरी इतरांना ते पुरवण्याच्या धंद्यात त्यांचा हात होता. तो राज्यांची नावं घेतो, माणसांची नाही. पण जॉर्जियाच्या सह्या तीनच आहेत.

आणि हीच जॉर्जिया वसली तेव्हा तिथे गुलामगिरीला बंदी होती! 1735 चा कायदा होता तसा. हेतू सगळा उदात्त नव्हता. शेजारी फ्लॉरिडात स्पॅनिश सत्ता, आणि आपले लोक ऐतखाऊ होतील ही भीती. वसाहतवाल्यांनी अर्जांवर अर्ज केले आणि 1751 मध्ये बंदी उठली. त्यानंतर पंचवीस वर्षांत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक परिच्छेदसुद्धा सोसवेनासा झाला.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं: हो, करार सही करून झाला. पण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात करार करणारे सगळे टेबलाभोवती असतात. फिलाडेल्फियात ज्यांच्याविषयी तडजोड झाली ते टेबलाभोवती नव्हते, शेतात होते. 1787 च्या संविधानातही तेच. गुलामांच्या आयातीवर 1808 पर्यंत बंदी घालायची नाही, असं कलम घातलं. जॉर्जियाने ते संविधान 2 जानेवारी 1788 रोजी एकमताने मंजूर केलं, कुठे? ऑगस्टातच. एकमताने हा शब्द ऐकला की मी हल्ली विचारतो, मोजलं कुणाला?

आणि 1848! गुलामांना किंवा मुक्त काळ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणं हा जॉर्जियात 1829 पासून गुन्हा होता. गावात सह्यांचा स्तंभ चढतोय आणि गावातल्या कितीतरी माणसांनी सही करायला शिकणंच कायद्याबाहेर. त्याच 1848 साली आपल्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा काढत होते. योगायोग आहे, मी त्यातून काही सिद्ध करत नाही. मात्र 1873 ची ‘गुलामगिरी’ जोतीरावांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. हा योगायोग नव्हे. ते वाचत होते, लक्ष ठेवून होते. त्याला पाच वर्षं होतात तोच, 1878 मध्ये, ऑगस्टाच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुसरं स्मारक उभं राहिलं. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचं, आणि सह्यांच्या स्तंभाहून उंच.

मी त्या दुपारी तिथून चालत स्प्रिंगफील्ड बाप्टिस्ट चर्चकडे गेलो. काळ्या लोकांची ही मंडळी 1787 पासूनची, म्हणजे संविधानाच्याच वयाची. इथे 1867 मध्ये, युद्ध संपून दोन वर्षं होत नाहीत तोच, नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांसाठी शाळा सुरू झाली. ती पुढे अटलांटाला हलली आणि तिचं मोरहाउस कॉलेज झालं. 1948 साली त्या कॉलेजातून मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला. 1963 मध्ये वॉशिंग्टनच्या सभेत त्याने जाहीरनामा आणि संविधान ह्या दोन कागदांना काय म्हटलं? वचनचिठ्ठी. सही केलीत, आम्ही वटवायला आलो आहोत.