पंचगंगेच्या खोऱ्यातील संपत्ती आणि तिचे राखणदार

संपत्ती हा शब्द उच्चारला, की आपल्या डोळ्यांपुढे सोनेनाणे उभे राहते. फार तर घरदार आणि जमीनजुमला. पण कोणत्याही राज्याची खरी संपत्ती त्याच्या खजिन्यात नसते. ती असते त्याच्या रानात, नदीत आणि मातीत. खजिना रिता झाला तर दोन सुगी चांगल्या आल्या, की तो पुन्हा भरतो. रान बोडके झाले तर मात्र एका पिढीत ते भरून येत नाही. हा विचार अगदी अलीकडचा, परदेशातून आलेला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपल्या करवीरच्या इतिहासात तो तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेला सापडतो.

रामचंद्रपंत अमात्य हे नाव आपल्याला परके नाही. शिवछत्रपतींपासून करवीरच्या संभाजीराजांपर्यंतचा काळ पाहिलेला हा मुत्सद्दी. १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘आज्ञापत्र’ हे त्यांच्या अनुभवाचे सार आहे. त्यात किल्ले आहेत, वतने आहेत, सावकार आहेत. आणि आरमाराच्या प्रकरणात झाडे आहेत. झाडांचा तिथे काय संबंध, असे विचाराल. अहो, गलबत बांधायचे म्हणजे लाकूड हवेच की! अमात्यांचा दंडक असा, की राज्याच्या अरण्यातील साग वगैरे लागेल तेवढाच, आणि तोही सरकारची परवानगी घेऊन तोडावा. अधिक लागेल तो बाहेरच्या मुलखातून विकत आणावा. रयतेच्या आंबा-फणसाला मात्र हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. कुणब्याने ती पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले, कामातून गेलेले एखादे झाड हवे असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन, मग ते न्यावे. बळजोरी करू नये.

या आज्ञेत दोन तत्त्वे आहेत. गरज किती, ते आधी मोजा, हे पहिले. आणि ज्याने जपले त्याला विचारा, हे दुसरे. लढाईच्या धामधुमीत, आरमाराची निकड असताना हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते.

झाडाला धनी असतो. पण पावसाला धनी कोण? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फार जुना आहे. पश्चिमेला गगनबावड्याला वर्षाकाठी दोनशे इंचांच्या वर पाऊस कोसळतो, आणि तिथून शंभर-एक किलोमीटर पूर्वेला शिरोळच्या बाजूस जेमतेम वीस-पंचवीस इंच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि गुप्त मानलेली सरस्वती, अशा पाच नद्यांची पंचगंगा होते, चिखलीच्या प्रयागावरून ती पुढे वाहते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. पावसाळ्यात नदी काठ सोडून वाहायची आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळूच उरायची. पाणी होते, पण वेळेवर नव्हते.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला, आणि दोनच वर्षांत, १८९६ साली, दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेग. स्वस्त धान्याची दुकाने, दुष्काळी कामे, गुरांना वैरण, असे जे जे करता येण्याजोगे होते ते महाराजांनी केले. पण दुष्काळ पडल्यावर धान्य वाटणे निराळे आणि दुष्काळाची धारच बोथट करणे निराळे, हे त्यांनी ओळखले. १९०२ साली संस्थानाचे पाटबंधाऱ्याचे धोरण ठरले. संस्थानातल्या विहिरी-तळ्यांची पाहणी झाली. आणि भोगावतीच्या खोऱ्यात मोठे धरण बांधण्याचा बेत पुढे आला. १९०८ च्या सुमारास राजकन्या राधाबाईंच्या नावाने तिथे राधानगरी वसली आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले.

हे काम महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, भिंत सुमारे चाळीस फूट उठली असता, पैशाअभावी ते थांबले. १९२२ साली महाराज गेले. धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडले. आज त्यात ८.३६ अब्ज घनफूट पाणी मावते. आपण लावलेल्या झाडाचे फळ आपल्याला मिळणार नाही, हे ठाऊक असूनही ते लावणारा राजा, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आता एक गंमत पाहा. या धरणाचे पाणी खाली न्यायला नदी हाच कालवा झाला! नदीच्या पात्रात ठिकठिकाणी दगडी खांब उभे केले. पावसाळा सरला, की खांबांच्या खाचांतून फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या आणि मध्ये माती ठासायची. या फळ्यांना आपल्याकडे बरगे म्हणतात. पाणी पात्रातच तुंबते, एखाद्या लांबट तळ्यासारखे. धरणातून पाणी सोडले, की एकामागून एक बंधारे भरत जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी बरगे काढून घेतले, की पूर आपल्या वाटेने जातो आणि गाळही बरोबर नेतो. लाकडी बरग्यांच्या जागी पुढे लोखंडी आले. युक्ती तीच राहिली. साऱ्या महाराष्ट्रात या रचनेला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, याचा आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. काठावरच्या शेतकऱ्यांनी पाणीपुरवठा संस्था काढल्या, मोटेच्या जागी पंप आले, माळावर ऊस डोलू लागला. महाराजांनी १८९५ साली वसवलेली शाहूपुरीची पेठ गुळाने गजबजली.

धरणाच्या माथ्यावरचे रानही योगायोगाने वाचले. दाजीपूरचे जंगल हे राजघराण्याचे शिकारीचे राखीव रान. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले, क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत ते आहे. रान उभे आहे म्हणून पाऊस मुरतो, आणि धरणात गाळ कमी येतो. गव्याचे अभयारण्य हे अशा रीतीने आपल्या उसाचेही अभयारण्य आहे!

इथवरची गोष्ट सुखाची. पण इतिहास सांगणाऱ्याने अर्ध्यावर थांबू नये. पाणी आले, ते मोजायचे मात्र राहून गेले. शिरोळ तालुक्यातल्या काळ्या, भारी जमिनीत उसाला वर्षानुवर्षे पाणी दिले गेले. ते खाली मुरून साचले, जमिनीतले क्षार विरघळून वर आले आणि पाणी उडून गेल्यावर रानावर पांढरा थर राहिला. जिथे ऊस डोलत होता, तिथे कुसळही उगवेना. दुष्काळाने जे केले नसते, ते पाण्याने केले. आता तिथे जमिनीखाली सच्छिद्र नळ पुरून साचलेले पाणी बाहेर काढतात आणि काही जमिनी पुन्हा पिकू लागल्या आहेत. पण एका पिढीने ओतलेले पाणी दुसऱ्या पिढीने खर्च करून उपसायचे, हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे.

नदीचीही तीच कथा. गावांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी तिने किती पोटात घ्यावे? २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर चढले. पाऊस अफाट झाला हे खरे. पण नदीच्या पसरण्याच्या जागेत आपण घरे आणि भराव घातले, हेही तितकेच खरे.

अमात्यांनी आरमारासाठीसुद्धा लाकूड मोजून घ्यायला सांगितले. महाराजांनी वाहून जाणारे पाणी अडवायला शिकवले. अडवायचे आपण शिकलो. मोजायचे अजून शिकायचे आहे. आणि विचारायचेही. आंब्याचा धनी शेजारी राहत होता, त्याला विचारणे सोपे होते. या पाण्याचा आणि मातीचा पुढचा धनी अजून जन्मायचा आहे. त्याला राजी कसे करायचे, हा प्रश्न वाचकहो, तुमच्या-माझ्याच दारात उभा आहे.