स्प्रेडशीटचा वेग : व्हिसिकॅल्क ते मॅक्रो
लाखभर ओळींची फाईल अडकली की आपण संगणकाला दोष देतो. इतिहास वेगळे सांगतो.

1979 मध्ये ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांचे व्हिसिकॅल्क आले. त्यात गणना ओळीने किंवा स्तंभाने होई. त्यामुळे खालच्या सेलवर अवलंबून असलेले वरचे सूत्र जुनाच आकडा दाखवी. 1983 च्या लोटस 1-2-3 ने अवलंबित्वाचा क्रम पाळला, मॅक्रोही दिले. 1985 च्या एक्सेलने बदलाचा परिणाम होणारी सूत्रेच पुन्हा मोजली. 1993 मध्ये त्यात व्हीबीए आले. 2007 च्या आवृत्तीत ओळी 65,536 वरून 10,48,576 झाल्या.

म्हणजे वेग वाढला तो अनावश्यक काम टाळून. तुमच्या मॅक्रोतही हेच करा. स्वयंचलित गणना थांबवा, सगळी रेंज एकदाच ॲरेमध्ये घ्या, हिशेब मेमरीत करा आणि उत्तरे एकदाच शीटवर लिहा. सेलगणिक वाचन-लेखन केले, तर लाखभर फेऱ्या होतात.

मात्र मॅक्रो मध्येच थांबला तरी स्वयंचलित गणना पुन्हा सुरू होईल, अशी सोय ठेवा. नाहीतर शीटवर जुनेच आकडे राहतील आणि ते चुकीचे आहेत हे कोणालाच कळणार नाही.